फडके रस्त्यावरील गलबत



आज मी ज्या छंदाविषयीं बोलणार आहें, त्याला मराठींत अद्याप रूढ असें नांव नाहीं. जुन्या काळांतील माणसांचा पोषाख अंगावर चढवावा, त्यांचीं हत्यारें, त्यांचीं वाहनें, त्यांच्या हालचाली शक्य तितक्या हुबेहूब उभ्या कराव्या, आणि एक दिवस चारचौघांच्या देखत त्या काळांत वावरून घ्यावें, असा हा छंद आहे. 'सोंग काढणें' हा शब्द आपल्याकडे पूर्वापार आहे. परंतु सोंग म्हटलें कीं त्यांत थोडी थट्टा येते. 'नाटक' म्हणावें, तर येथें पडदा नाहीं, संवाद नाहींत आणि तिकीटहि नाहीं. तेव्हां नांवावांचूनच पुढें जाऊं.

एका रविवारीं संध्याकाळीं आम्ही सहाजण ठाण्याच्या फलाटावर आठ आठ फूट लांबीचीं दहा वल्हीं घेऊन उभे होतों. डोंबिवलीकडे जाणारी गाडी आली. वल्हीं घेऊन नेहमींच्या डब्यांत शिरणें म्हणजे शेजाऱ्याच्या डोळ्यांशीं गांठ. म्हणून आम्ही मालडब्यांत चढलों. तेथें भाजीच्या पाट्या, पत्र्याचे डबे, फुलांचे हारे, आणि त्यांच्या मधोमध आमचीं वल्हीं. एका भाजीवालीनें त्यांच्याकडे निरखून पाहिलें आणि विचारलें, "काय हो, डोंबिवलीला पूर आला का?" सारा डबा हसला. आमच्यांतील एकानें मोठ्या गांभीर्यानें सांगितलें, "नाही मावशी, कान्होजी आंग्रे येणार आहेत." "मग त्यांना सांगा, दारात उभे राहू नका," असें म्हणून तिनें आपली पाटी थोडी सरकवली आणि आम्हांस जागा करून दिली.

हीं वल्हीं चेंदणी कोळीवाड्यांतील एका वृद्ध तांडेलाकडून उसनीं आणलीं होतीं, आणि तीं चाललीं होतीं फडके रस्त्यावर. डोंबिवलींत दर गुढीपाडव्यास नववर्ष स्वागतयात्रा निघते. श्रीगणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकारानें १९९९ सालीं ती प्रथम निघाली, आणि मग ठाणें, कल्याण, गिरगांव अशी ती प्रथा गांवोगांव पसरली. यात्रेंत घोडे असतात, पालख्या असतात, ढोल असतात. मावळे तर शेंकड्यांनीं असतात. परंतु दर्या मात्र कोणी आणीत नाहीं. आमच्या मंडळींत बँकेंतील दोघे, एक इंजिनिअर, एक औषधांचे दुकानदार, शाळेंतल्या एक बाई, कॉलेजांतील मुलें आणि मी असे पंधराजण होतों. आम्हीं ठरविलें कीं या वेळीं ट्रकवर आंग्र्यांच्या आरमारांतील गलबत उभारावयाचें.

हा नाद केवळ आमचाच आहे असें नाहीं. इंग्लंडांत १९६८ सालीं 'सील्ड नॉट' नांवाची संस्था निघाली. तिचे सभासद सतराव्या शतकांतील यादवी युद्धाच्या लढाया मैदानावर पुन्हां लढतात. अमेरिकेंत फ्लॉरिडामध्यें टँपा नांवाचें शहर आहे. तेथें १९०४ सालापासून गॅस्परिला नांवाचा उत्सव होत आला आहे. गांवांतील प्रतिष्ठित मंडळी चांच्यांचे वेष घेतात, डोलकाठ्यांच्या जहाजांतून शहरावर स्वारी करतात, आणि नगराध्यक्षाकडे शहराची किल्ली मागतात. गंमत अशी कीं, ज्या होझे गास्पार नांवाच्या चांच्याच्या नांवानें हा उत्सव चालतो, तो खरोखर होऊन गेला याला पुरावा मिळत नाहीं. टँपावाल्यांकडे चांचा आहे, पण तो झालाच नाहीं. आमच्याकडे माणूस झाला, परंतु तो चांचा होता काय, याबद्दलच वाद!

डोंबिवलीला समुद्र कोठला, असें आपण म्हणाल. आम्हांलाहि प्रथम तेंच वाटलें होतें. ठाणें सोडल्यावर गाडी खाडीवरून जाते. रोज लाखों माणसें ती ओलांडतात, पण मान वर करून तिच्याकडे पाहणारा क्वचितच. १८५४ सालीं रेल्वे कल्याणला पोहोंचली, आणि हळूहळू हें पाणी लोकांच्या नजरेआड झालें. त्यापूर्वीं कल्याण हें बंदर होतें. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण आणि भिवंडी घेतली, आणि लवकरच येथल्या खाडींत लढाऊ जहाजें बांधावयास आरंभ झाला. त्या कामीं रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या मंडळींसह चाकरीस होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यास यांत धोका दिसला. त्यानें निरोप धाडला आणि हे लोक काम टाकून निघून गेले. जहाजें मात्र पाण्यांत उतरलींच. दुर्गाडीच्या पायथ्याशीं आम्ही सर्वजण एके सकाळीं मुद्दाम जाऊन उभे राहिलों. पाहण्यासारखें तेथें फारसें कांहीं नव्हतें. ओहोटीचा चिखल, पूल आणि त्यावरून धांवणारीं वाहनें. तथापि परत येतांना कोणी 'डोंबिवलीला समुद्र कोठला' असें म्हणालें नाहीं.

आतां थोडें गलबताविषयीं. अठराव्या शतकांतील ऑर्म नांवाच्या इंग्रज इतिहासकारानें आंग्र्यांच्या जहाजांचें वर्णन करून ठेविलें आहे. त्यांत मुख्य प्रकार दोन. गुराब ही मोठी. दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशेंपासून तीनशें टनांपर्यंत, आणि तिचें पुढचें टोंक सोंडेसारखें पाण्यावर पुढें आलेलें. गलबत लहान, सत्तर टनांच्या आंतलें, मोठ्या डोलकाठीवर एकच तिकोनी शीड, सहा-आठ हलक्या तोफा आणि चाळीस ते पन्नास वल्हीं. दोन्हींचे तळ उथळ. वारा पडला म्हणजे इंग्रजांचें भारी जहाज समुद्रांत खिळल्यासारखें उभें राही. अशा वेळीं गलबतें वल्हीं मारीत गुराबांना दोरानें ओढून त्याच्या पिछाडीस आणीत, कारण पिछाडीस तोफा थोड्या. १७१८ सालीं मुंबईकर इंग्रजांनीं खांदेरीवर आणि १७२१ सालीं पोर्तुगीजांसह कुलाब्यावर चाल केली. दोन्ही वेळां त्यांना हात हलवीत परतावें लागलें. याचें श्रेय आपण कान्होजींना देतों, आणि तें योग्यच आहे. पण वारा पडलेल्या दुपारीं चाळीस-पन्नास माणसें एका ठेक्यांत पाठ वांकवीत होतीं, हें ध्यानांत येण्यास मला तरी स्वतः वल्हें हातांत धरावें लागलें.

कारण आमच्या मंडळींत आरंभीं वल्हेकरी कोणीच नव्हता! भूमिका वांटण्याच्या पहिल्या बैठकींत पंधरापैकीं नऊजणांनीं आपल्याला सरखेल व्हावयाचें आहे असें सुचविलें; कोणी उघड, कोणी मिशीवरून हात फिरवून. एक कॉलेजकुमार डोळ्यावर काळी पट्टी आणि कवटीचें निशाण घेऊन आला होता. त्याचा आदर्श अर्थातच सिनेमांतला. त्याला समजावून सांगावें लागलें कीं मराठी खलाशाच्या अंगांत बहुधा बंडी आणि डोक्याला मुंडासें, याहून अधिक कांहीं नसे, आणि पाय तर अनवाणीच. हें ऐकून त्याचा उत्साह जो ओसरला, तो पंधरा दिवस परत आला नाहीं.

पोषाखाचें काम बाईंनीं अंगावर घेतलें. भाड्याचें साटिन त्यांनीं साफ नाकारलें. मांजरपाटाचे तागे आणले, तें कापड चहाच्या पाण्यांत उकळून मळकट केलें, आणि प्रत्येकानें आपली बंडी आपण शिवावी असा दंडक घातला. बँकेंतील आमचे स्नेही आयुष्यांत प्रथमच सुई धरीत होते. त्यांच्या बंडीचा एक हात दुसऱ्यापेक्षां चार बोटें आंखूड झाला, आणि तीच बंडी सर्वांत खरी दिसली. शीडहि त्याच कापडाचें. तोफा पाण्याच्या नळाच्या, काळा रंग दिलेल्या. त्या पुष्कळ लोकांना आवडल्या. मला त्यांत कांहींच विशेष वाटलें नाहीं.

खरी शाळा सुरू झाली ती तांडेलांनीं सरावाला यावयाचें कबूल केल्यावर. वल्हीं देतांना त्यांनीं एकच अट घातली होती: वल्ह्याला खिळा मारायचा नाहीं. आमच्या इंजिनिअरांचा बेत वल्हीं ट्रकच्या कठड्यास खिळ्यांनीं ठोकून टाकण्याचा होता, म्हणजे तीं नीट एका रांगेंत दिसतील. डोलकाठीलाहि त्यांनीं लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट योजिले होते. तांडेल म्हणाले, "साहेब, ठोकलेलं वल्हं म्हणजे कुंपण. आणि काठी दोरानं बांधा. उभी करता आली पाहिजे तशी उतरवताही आली पाहिजे." इंजिनिअरांना हें रुचलें नाहीं. परंतु ते हट्टी असले तरी कोत्या मनाचे नव्हते. त्यांनीं बोल्ट परत पिशवींत टाकले, काथ्याचा दोर आणला, आणि गांठी शिकावयास बसले. महिन्याभरांत तांडेलांच्या खालोखाल गांठ मारणारा माणूस तेच झाले.

सराव गच्चीवर चाले. बांकांच्या दोन रांगा, वल्ह्यांऐवजीं प्रथम केरसुण्या आणि बांबू. आम्ही ताशाच्या तालावर हात मारीत होतों. तांडेलांनीं ताशा बंद करविला. ते म्हणाले, "ताशाकडे कान देता म्हणून शेजाऱ्याकडे पाठ होते. पुढच्याची पाठ बघा, ती वाकली की तुम्ही वाका." आणि खरोखरच, आवाज बंद झाल्यावर ठेका बसला! पुढच्या माणसाची पाठ तास न् तास पाहात बसणें हा परिचयाचा एक निराळाच प्रकार आहे. औषधांच्या दुकानदारांचा उजवा खांदा दुखतो, बँकेंतले स्नेही श्वास धरून ठेवतात, कॉलेजांतील मुलगा तिसऱ्या हातालाच घाई करतो, हें आम्हांस परस्परांचीं आडनांवें पाठ होण्यापूर्वीं कळूं लागलें. डाव्या रांगेंत पहिलें वल्हें इंजिनिअरांचें होतें. बाकीचे सर्व त्यांच्या पाठीवर चालत. सरखेल होण्याची भाषा मग कोणी केली नाहीं. शेवटीं ती भूमिका चिठ्ठ्या टाकून दुकानदारांच्या खांद्याला विश्रांति म्हणून देण्यांत आली.

आणि इतकें जमल्यावर आमचें भांडण झालें.

चित्ररथावर काय दाखवावयाचें, हा प्रश्न होता. मीं दस्तकाचा देखावा सुचविला होता. कान्होजी आपल्या हद्दींतील समुद्रांत फिरणाऱ्या व्यापारी जहाजांना परवाना देत, तें दस्तक. तें घेतलें असेल तर जहाजाला अभय, नसेल तर जप्ती. पोर्तुगीज हेंच दोनशें वर्षें करीत आले होते; त्यांच्या परवान्यास कार्ताझ म्हणत, आणि त्यांना कोणी चांचे म्हटलें नाहीं. इंग्रजांनीं मात्र कान्होजींचें दस्तक घेण्याचें नाकारलें, आणि जप्त्या होऊं लागल्या तेव्हां त्यांना चांचा ठरविलें. १९०७ सालीं बिडल्फनें लिहिलेल्या पुस्तकाच्या नांवांतहि 'मलबारचे चांचे' हेच शब्द आहेत. तेव्हां गलबतानें जहाज अडवावें, दस्तक पाहावें आणि सन्मानानें सोडून द्यावें, असा माझा देखावा. सर्वांना तो पसंत पडला.

बाई म्हणाल्या, "दस्तक असलं म्हणजे काय होई ते दाखवता, तर नसलं म्हणजे काय होई तेही दाखवा." आणि त्यांनीं १७१२ सालची हकीकत सांगितली. कारवारच्या इंग्रज वखारीचा मुख्य चाऊन हा आपल्या पत्नीसह मुंबईहून जहाजानें निघाला होता. आंग्र्यांच्या आरमारानें तें गांठलें. चाऊन लढाईंत मारला गेला. त्याची पत्नी विशीच्याहि आंतली, आणि गर्भवती. ती कैद झाली. पुढें १७१३ सालीं ३०,००० रुपये घेऊन तिची सुटका करण्यांत आली. "मी ती मडम होते," बाई म्हणाल्या.

इंजिनिअर उठून उभे राहिले. "लाखभर लोकांपुढे आपल्याच सरखेलाला एका बाईच्या सुटकेचे पैसे घेताना दाखवायचं? दोनशे वर्षं इंग्रज हेच सांगत आला. आता पाडव्याच्या दिवशी आपण सांगायचं?"

त्यांचें म्हणणें टाकाऊ नव्हतें. बाईंचेंहि नव्हतें. आणि म्हणूनच मीं तोंड उघडलें नाहीं. मी वयानें वडील, देखावा मीं सुचविलेला, दोघेहि माझ्याकडे पाहात होते. त्या वेळीं मला वाटलें कीं आपण मंडळींतील शांतता राखीत आहों. इंजिनिअरांनीं थोडा वेळ वाट पाहिली, हत्यारांची पिशवी उचलली आणि जिना उतरून ते चालते झाले.

पुढच्या रविवारीं मीं माझें मत सांगितलें, आठ दिवस उशिरा. कान्होजींना चांचा म्हणणाऱ्यांनीं मडमेची गोष्ट सांगितली आणि दस्तकाची वगळली. आपण दस्तकाची सांगून मडमेची वगळली, तर आपला पक्ष बदलला इतकेंच, रीत तीच राहिली. ओलीस धरून पैसे घेण्याची चाल त्या काळीं सर्वच दरबारांत होती, हेंहि खरें. पण हें सर्व ऐकावयास इंजिनिअर तेथें नव्हते. डाव्या रांगेंत पहिलें वल्हें कॉलेजांतील मुलानें घेतलें, आणि सारी रांग तिसऱ्या हातालाच घाई करूं लागली. मीं दोनदां त्यांच्या घरीं गेलों. त्यांनीं चहा दिला, मुलाच्या परीक्षेविषयीं बोलले, गलबताचें नांव काढलें नाहीं.

पाडव्याची आदली रात्र आम्हीं ट्रकवरच काढली. पहाटे गलबत उभें राहिलें तेव्हां तें आम्हांलाच ओळखूं येईना. बाई काळा झगा घालून पाठीमागच्या बाजूस ताठ बसल्या. शेजारीं लहानशी पाटी, तींत साल आणि रक्कम, बाकी कांहीं नाहीं. ढोल वाजूं लागले. फडके रस्त्याच्या तोंडाशीं आलों आणि वर पाहतों तों आडव्या तारा! मोजमाप केलें होतें, पण मधल्या आठवड्यांत कोणी तरी नवी तार ओढली होती, आणि ती आमच्या डोलकाठीच्या वीतभर खालीं. मागें सबंध यात्रा थांबली. डोलकाठी दोरानें बांधलेली होती, म्हणजे ती उतरवितां येणार होती. परंतु रात्रींच्या दंवानें काथ्या फुगून गांठ इतकी आंवळली होती कीं आमच्यापैकीं कोणालाहि ती सुटेना. कोणी म्हणालें, कापा. कापली तर ती पुन्हां उभी करावयास दोर उरत नव्हता.

गर्दींतून एक गृहस्थ पुढें आले. पाडव्याचा नवा इस्त्रीचा सदरा, हातांत मुलाचा हात. मुलगा त्यांनीं दुकानदारांच्या, म्हणजे साक्षात् सरखेलांच्या हवालीं केला, आणि ते चाकावर पाय देऊन वर चढले. गांठ त्यांचीच होती. त्यांनीं ती अंगठ्यानें उलट्या बाजूनें दाबली, दोर सैल झाला, आठ हातांनीं डोलकाठी सांवकाश आडवी केली, तारेखालून ट्रक पुढें गेला आणि काठी पुन्हां उभी राहिली. लोकांनीं टाळ्या वाजविल्या. त्यांना वाटलें, हाहि देखाव्याचाच भाग आहे. इंजिनिअर खालीं उतरले नाहींत. डाव्या रांगेंत पहिल्या बांकावरचा मुलगा आपण होऊन मागें सरकला, ते बसले, आणि त्यांची पाठ वांकली. त्या दिवशींच्या सर्व छायाचित्रांत अठराव्या शतकांतील खलाशांमध्यें एक गृहस्थ इस्त्रीच्या सदऱ्यांत वल्हें मारतांना दिसतात.

बाईंच्या पाटीपुढें पुष्कळ लोक थांबत. एका लहान मुलीनें वडिलांना विचारलें, "ही कोण?" वडिलांना सांगतां येईना. तेव्हां बाईंनीं खालीं वांकून तिला काय सांगितलें, तें ढोलांच्या आवाजांत मला ऐकूं आलें नाहीं. इंजिनिअरांनीं मात्र एकदां मान वळवून तिकडे पाहिलें. त्यांचें मत बदललें नाहीं. दुपारीं श्रीखंड खातांना त्यांनीं तें मला पुन्हां स्पष्ट ऐकविलें, आणि बाईंनीं त्यांच्या पानांत आणखी वाढलें.

पुढच्या रविवारीं आम्ही तींच दहा वल्हीं घेऊन मालडब्यांतून ठाण्यास परत गेलों. तांडेलांनीं तीं अंगणांत ओळीनें मांडलीं, मोजलीं, आणि प्रत्येकावरून तळहात फिरवीत गेले. सातव्या वल्ह्यापाशीं त्यांचा हात थांबला. मुठीच्या जरा खालीं खिळ्याचें बारीक भोंक होतें. आमच्यांत कोणी बोलेना. मग इंजिनिअर म्हणाले, "पहिल्याच दिवशी मारला होता मी. तुम्ही नको म्हणण्याआधी."

तांडेलांनीं भोंकावर अंगठा ठेवला, तें किती खोल आहे तें पाहिलें, आणि वल्हें बाजूला काढून भिंतीशीं वेगळें उभें केलें. "हे तुमचं," ते म्हणाले, "पुढल्या वर्षी हेच घ्यायचं."